शिंगाड्याचं शिंग

सत्तरच्या दशकात मी एक अख्खी नदी उभी केली होती, तीही लोखंडी ड्रममध्ये. खाप्याजवळ कन्हानच्या काठावर आमचं उत्खनन चाललं होतं. खड्ड्यातली माती पाण्यात ढवळायची, तरंगून आलेलं बी चाळणीत धरायचं आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वी काठावर काय उगवत होतं ते सांगायचं, हे माझं काम. त्या दिवशी दुपारी नागपूरहून उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, येणार होते. माझं म्हणणं त्यांना पटलं तर हे काम माझ्याकडे राहणार. नाही तर मी परत नागपुरात, सदरच्या कचेरीत, फायली बांधायला.

त्या जुन्या काठाचं चित्र मी फर्मास रंगवलं होतं. लव्हाळा, पाणकणीस, चिखलात पसरलेला माका! सरांच्या आधी मजूरबायांपुढे रंगीत तालीम केली. हातवारे करत म्हशी पाण्यात बसवल्या, बगळेही उडवले.

त्यांच्यातल्या माती ढवळणाऱ्या एक बाई खाप्याच्याच, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांनी चाळणीत बोट फिरवलं. "तुमीच तं म्हनलं होतं जी साहेब, जळलेलंच बी टिकते, बाकी मातीत सडून जाते. मंग हे भुरं भुरं काहून?"

मी चाळणी उन्हात धरून पाहिली. बी खरंच भुरं होतं.

"ड्रममंधी पानी कुठलं टाकता?"

नदीचं! बादल्या भरभरून, न गाळता. आजच्या काठाचं बी मी स्वतः ओतत होतो आणि त्यालाच प्राचीन म्हणून मुजरे करत होतो.

घाईघाईने आम्ही दोघांनी काळं तेवढं निवडलं. मूठही भरेना. एक टोकदार तुकडा मी काटा समजून फेकणार, तेवढ्यात बाईंनी हात धरला. "फेकता काहून? शिंगाड्याचं शिंग होय हे. सोलू सोलू बोटं फाटली माही."

"नदीत शिंगाडा?"

"वाहत्या पान्यात कुठं राहते तो? ठहरलेलं पानी लागते त्याले."

सर आले. आधी ड्रमचा घोटाळा मी साग्रसंगीत सांगितला. लपवला असता तर बाईंनी सांगितलाच असता. मग तळहातावर शिंग ठेवलं. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे काठालगत संथ पाण्याचं डबकं असावं. कुणी ओळखलं?"

मी नाटकातल्यासारखा वाकून बाजूला झालो. बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

काम माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ड्रमच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं ताणून बांधलेलं.

"टाका आता बादली," बाई म्हणाल्या, "आन् बगळे बाहेरच ठेवा."