दारातले सर तळ्यावर

लातुरात आम्ही त्यांना ‘दारातले सर’ म्हणायचो. फिजिक्स शिकवायचे, पण वर्गात पुरते कधी आलेच नाहीत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. भूकंपात त्यांचं गाव पडलं, त्यात त्यांची बायको, म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शमीमची अम्मी गेली. तेव्हापासून स्लॅबखाली सरांचा जीव घाबरायचा. क्लासवाले मजल्यावर मजले चढवत गेले, सरांनी तळमजल्याचं दार सोडलं नाही. फळा दाराशी ओढून आणणं हे आम्हा पोरींचं रोजचं काम.

संक्रांतीला मात्र हा माणूस मैदानात मोकाट. शमीमला आणि मला पतंग त्यांनीच शिकवला. “अगे खेच! ढील देऊन काय करायलीस? हातचा गेला तो गेला!” असे ओरडायचे की आसपासची लोकं आपापला मांजा गुंडाळायची.

क्लासच्या कृपेनं लातूरची पोरं कुठं कुठं जाऊन पडली! शमीम फिनलंडला पडली, मागोमाग मी. तिथं तिला नवंच वेड लागलं. हिवाळ्यात तळं गोठलं की पायात स्की, कमरेला खोलीएवढा पतंग, आणि वारा नेईल तिकडं सुसाट. उन्हाळ्यात तेच, पाण्यावर, फळीवरून. सरांना फोनवर हे दिसलं आणि ते थेट विमानात बसले. “एकच हाय मला. घेऊनच जातो,” हे मला विमानतळावरच सांगितलं.

पहिल्याच सकाळी तळं गरजलं. थंडीनं बर्फ ताणला की आतून गडगड होते, तिथल्या लोकांना त्याचं काही नाही. सर पांढरेफटक पडले. “शमीम, बाहेर ये! आमची जमीन बी अशीच गुरगुरत होती. आम्ही म्हणलो, सवय झाली!” शमीम ऐकते कसली. झालं, आता उद्या हिची बॅग भरणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, सर माकडटोपी घालून त्याच बर्फावर खुर्ची टाकून बसलेले! मला काही उमजेना. घराच्या छताला भिणारा माणूस हा!

“सर, भीती नाही वाटत?”

“लई वाटती. पण ती इथं फिरायली, मी घरात बसू?”

मग एक दिवस म्हणाले, “दे गं इकडं.” शमीमनं त्यांना शिकाऊ, लहान पतंग दिला. दोऱ्यांना दांडी असते. दांडी ओढली की पतंग जोर धरतो, सोडली की मलूल होऊन खाली येतो. मनगटाला बांधलेला असतो, त्यामुळं जात कुठंच नाही. हे सगळं तिनं सांगितलं, सरांनी मान डोलावली. वाऱ्याचा झोत आला आणि लातूरचा हात जागा झाला. सरांनी ओढली! पोटावर पडून तळंभर घसरत निघाले. शमीम मागं धावत, “अब्बा, सोडा! सोडा ना!” सर आणखीच ओढतायत. शेवटी बर्फाच्या ढिगात अडकले.

मला हसू आवरेना. सर उताणे पडून खाली आलेल्या पतंगाकडं बघत राहिले. “सोडला की जातो, हे मला ठावं हाय. सोडला की थांबतो, हे कुणी काढलं?” हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. शमीमनं त्यांच्या टोपीतला बर्फ झटकला.

परत नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सर एकटेच गेले. तिला कधी सोडलं त्यांनी, त्या ढिगात की आधीच, मी कितीदा विचार करते, थांग लागत नाही. “उन्हाळ्यात पाण्यावरचं बघाया येतो,” एवढं म्हणाले.

तळं मोकळं झालं. शमीम दूर पाण्यावर, तिचा फोन माझ्याकडं. लातूरहून तिच्या चुलतभावाचा आला: सर सकाळी वारले.

मी काठाशी धावले. हाक तोंडाशी आली होती. तेवढ्यात पतंगानं तिला पाण्यावरून वर उचललं आणि ती मोठ्यानं हसली. मी खाली गवतात बसले. बरोबर केलं की चूक, आजही कळत नाही. पण वारा पडेपर्यंत तिला बाप होता.