फोड्या मिस्त्री

अडकलेल्या लायनरशी बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. चन्नप्पा मिस्त्री सकाळी गॅरेजचं दार उघडत, कपाळावरच्या भस्माला धक्का लागणार नाही अशा बेतानं पटका मागं सारत आणि खोललेल्या इंजिनावर वाकून विचारत, "बर्ती एनप्पा?" म्हणजे, येतोस का रे बाबा? मग लायनर ओढून काढायच्या पुलरच्या नटाला हलकासा पीळ देत. लायनर जागचा हलला नाही तर चिडत नसत. त्याच्या कडेनं रॉकेल आणि तेल सोडून म्हणत, "आज मन न्हाय त्याचं. उद्या इचारू."

लायनर म्हणजे इंजिनातली ती नळी, जिच्यात पिस्टन वरखाली होतो. आमच्या सोलापुरातलं विहिरीचं पाणी मचूळ. मोटारीच्या पोटात त्याचा असा थर धरतो की जुना लायनर माहेर न सोडणाऱ्या लेकीसारखा ब्लॉकला चिकटून बसतो. दुसरे मिस्त्री त्याला घण घालून पाडत. चन्नप्पांकडे लायनरला घण लावायची बंदी होती. गिऱ्हाइकानं घाई केली तर ऐकवत, "तुमची घाई तुमच्या खिशात ठिवा की. लोखंडाला कशाला देता?"

मी त्यांच्याकडे आलो तो बेअब्रू होऊन. त्याआधी मी अक्कलकोटच्या रस्त्यावर एका शेटजींची मोटार हाकत होतो. एकदा भर उन्हात इंजिन उकळलं, उतारू ओरडायला लागले, आणि मी घायकुतीला येऊन त्यात गार पाणी ओतलं. पुढं तीच मोटार चन्नप्पांकडे इंजिन खोलायला गेली. शेटजींच्या मागोमाग मी गॅरेजात शिरलो तर काय, ब्लॉकला भला मोठा तडा! "हे कुणी केलं?" शेटजी गरजले. चन्नप्पांनी तोंड उघडायच्या आत मीच रडकुंडीला येऊन पाण्याची हकिकत सांगून टाकली. नोकरी जागच्या जागी गेली. ब्लॉक फोडला म्हणून स्टँडवर माझं 'फोड्या' असं बारसं झालं. ठरत आलेली सोयरीकसुद्धा त्या नावापायी मोडली. आई देवळात जायची बंद झाली, कारण बायका तिला फोड्याची आई म्हणत.

अशा माणसाला चन्नप्पांनी आपणहून बोलावून कामावर ठेवलं. जेवायला बसलो की मोठी भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडे सरकवत. सगळं गाव मला फोड्या म्हणे, हे मात्र 'सदाशिव' असं पुरतं नाव घेत. एका ड्रायव्हरानं गॅरेजात 'फोड्या' अशी हाक मारली, तर पाना घेऊन त्याच्या अंगावर धावले होते. मला वाटे, केवढं मोठं मन! आणि लाजेनं मी आणखीच मान खाली घालून राबत असे.

काही वर्षं अशी गेली. मग एका डॉक्टरांची मोटार आली. लायनर काही केल्या निघेना आणि डॉक्टर सारखे निरोप धाडत. चन्नप्पा बाहेर गेलेले पाहून मी घण उचलला. तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं. चन्नप्पा परत आले होते.

"सदाशिव, ठिव ते. असाच मीबी उचलला हुता."

"कधी, मिस्त्री?"

"शेटजीच्या मोटारीला. वाकडा बसला आन् तडा गेला. तुज्या गार पाण्यानं काय बी झालं नव्हतं, घण घालायच्या आदी मी ब्लॉक बघितला हुता की. तू आलास, माजीच चूक म्हणालास... आन् मी गप बसलो."

मी घण तिथंच टाकला आणि घरी गेलो. संतापानं मला जेवण जाईना. त्या प्रत्येक मोठ्या भाकरीचा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नप्पा दारात उभे. आत आले नाहीत, गयावया केली नाही. फक्त विचारलं, "बर्ती एनप्पा?" मी तोंड फिरवलं. आईनं दिलेलं पाणी उभ्या उभ्या प्यायले आणि गेले. मग रोजच येऊ लागले. तेच विचारायचे, उत्तराची वाट बघायचे, जायचे. एके दिवशी मी आतूनच ओरडलो, "आदी स्टँडवर जाऊन सगळ्यांम्होरं सांगा, मग इचारा!"

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. घाबरला म्हातारा, असं म्हणून मी मनात हसलो. संध्याकाळी आई बाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "चन्नप्पानं स्टँडवर शेटजीचं पाय धरलं रं. सगळं सांगितलं, चार लोकांत."

मी गॅरेजकडे पळालो. शेटजींनी आपल्या मोटारी नेल्या होत्या, डॉक्टरांनीही आपली खोललेली मोटार ओढून नेली होती. चन्नप्पा रिकाम्या जागेत पाने पुसत बसले होते. मी आत जाऊन शेजारी बसलो आणि पाने पुसू लागलो. "सदाशिव, जेवलास का?" एवढंच त्यांनी विचारलं.

गिऱ्हाइकं परत फिरली नाहीत. घण न लावता लायनर काढणाऱ्या त्या हातांवर कुणाचा विश्वास उरला नाही. गॅरेज बंद करून ते अक्कलकोटला लेकीकडे निघाले. त्यांचं गाठोडं घेऊन मी स्टँडवर गेलो. माझी नोकरी मला परत मिळाली होती, नावही धुऊन निघालं होतं. ते मीच मागितलं होतं, आणि आता गाठोडं खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे बघण्याची माझी छाती होत नव्हती.

तेवढ्यात मोटारीच्या टपावरून क्लीनर ओरडला, "ए फोड्या, चल की लवकर!"

सवयीनं मी वळलो. त्यांनी माझ्या खांद्यावरचं गाठोडं काढून घेतलं.

"तू नगं बघू, सदाशिव," चन्नप्पा म्हणाले, "मला बोलावलंय."