बाबनरावांचा अंगठा

बाबनराव निनावे यांच्यापेक्षा त्यांच्या उजव्या अंगठ्याची नोकरी जास्त झाली, असं चंद्रकला त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि ते खुशाल हसायचे. खापा गावाहून रोज पहिल्या बसने येणारा हा माणूस रामदासपेठेतल्या त्या कॉम्प्युटर ऑफिसात पंच कार्डांच्या कामावर लागला, तेव्हा चंद्रकला फ्रॉक घालत होती. जाड कागदाच्या कार्डावर यंत्राच्या कळा दाबून भोकांची ओळ पाडायची, शब्द संपला की अंगठ्याने मोकळी जागा सोडायची. ओळ संपली तरी सोडायची, कारण कार्ड लांब नि ओळ आखूड, मागे जागाच जागा. उभी हयात त्यात गेली.

चंद्रकलेचे बाबा त्याच ऑफिसात चपराशी होते. ते गेले आणि बीएस्सी झालेली पोरगी घरी डोळे पुसत बसली, तेव्हा याच बाबनरावांनी घरी येऊन सांगितलं, "परीक्षेले बस वं पोरी, मी आहो ना." नोकरीच्या पहिल्या दिवशी ती डबा विसरली, तर आपला अर्धा डबा त्यांनी तिच्यापुढे सरकवला. उपकाराचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, बाकी बोलणं मात्र अखंड.

आता सत्त्याऐंशी साल लागलं होतं. कार्डं गेली, पडद्याची टर्मिनलं आली आणि त्यांच्यासोबत सी नावाची भाषा आली. मधुसूदन साहेबांनी बाबनरावांना त्या भाषेतलं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, बदलायला दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, हे जमलं तर नव्या विभागात राहा, नाही तर खाली रेकॉर्डच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिथे दुसरं माणूस नव्हतं. चार शब्द बोलल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही त्याला तिथे बसवायचं, म्हणजे काय ते चंद्रकला जाणून होती. आणि त्यांचा कोड तपासून सही करायचं काम आलं नेमकं तिच्याच गळ्यात.

फंक्शनचं काम साधंच. एक लांब ओळ घ्यायची आणि तिचे शब्द सुटे करून द्यायचे. जुन्या फंक्शनला फक्त मोकळी जागा कळायची, स्वल्पविराम आला की दोन शब्द चिकटूनच बाहेर पडायचे. बाबनरावांनी सगळं नव्याने लिहून तेवढं दुरुस्त केलं होतं.

तपासायची तिथली रीत मोठी मजेशीर होती. लिहिणाऱ्याने आपला कोड ओळीओळीने मोठ्याने वाचायचा आणि तपासणाऱ्याने मशीन व्हायचं. सांगेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. बाबनरावांनी खिशातले फुटाणे काढून टेबलावर मांडले. एक फुटाणा म्हणजे एक अक्षर, मध्ये बोटभर जागा सोडली की शब्द संपला.

"अक्षर दिसलं की उचलून मुठीत धर," ते वाचू लागले. "जागा नाही तं स्वल्पविराम दिसला, की मुठीतलं माह्या हातावर ठेव. ओळ सरली की थांब."

चंद्रकलेने पहिला शब्द त्यांच्या हातावर ठेवला, तो त्यांनी खाऊन टाकला. दुसराही खाल्ला. तिसरा तिच्या मुठीत आला आणि ओळ सरली. मूठ तशीच बंद राहिली.

"काहून थांबली? दे ना."

"कशी देऊ काका? तुमी थांबायले सांगितलं."

"अवं, मशीनवर तं बराबर येऊन राहिलं. हे पाह्य."

ते टर्मिनलवर बसले, एक ओळ टाकली. सगळे शब्द सुटे होऊन पडद्यावर आले, शेवटचासुद्धा. पण चंद्रकलेची नजर त्यांच्या अंगठ्यावर होती. शेवटचं अक्षर दाबून झाल्यावर त्या अंगठ्याने, कोणी न सांगता, एक मोकळी जागा सोडली होती. त्या जागेमुळे मूठ उघडत होती. गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या ओळी मात्र शेवटच्या अक्षरालाच संपायच्या.

दोन ओळी आपणच घालून सही ठोकली, तर कोणाच्या बापाला कळणार होतं? तसं तिच्या मनात आलंच. पण मग बाबनराव त्या विभागात तिच्या मेहेरबानीवर बसले असते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसता. ज्या माणसावर एवढी माया, त्याला असं आंधळ्यासारखं बसवायला तिचं मन धजेना.

मुठीतले फुटाणे तिने पदराच्या टोकाला बांधले. "सरका जी. एक ओळ मी टाकते."

तिने तीन नावं टाकली. वडीलधारे म्हणून आधी बाबनराव, मग मधुसूदन, शेवटी स्वतःचं, आणि त्यापुढे जागा सोडली नाही. पडद्यावर दोनच उतरली.

बाबनराव वाकून बघत राहिले. "मी आहो, साहेब आहे. तू कुठं गेली वं?"

"मुठीतच राहिली, काका," ती म्हणाली आणि पदराची गाठ दाखवली.

त्यांनी गाठीकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे. "कार्डावर मागं जागा राहेच ना," ते हळूच म्हणाले. "मले वाटे, ती सगळीकडंच राह्यते." मग त्यांनी कोड पुढ्यात ओढला आणि शेवटी लिहिलं, की ओळ सरली आणि मुठीत काही उरलं असेल, तर तेही देऊन टाक. चंद्रकलेने वाचलं. चोख होतं.

"करते सही."

"आधी कागदावर चूक लिही."

"काका, साहेब तुम्हाले खाली पाठवतील."

"पाठवू दे. मी गळलो असतो तं म्हटलं असतं, जाऊ दे. तू गळली पोरी." त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. "लिही."

तिने लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी लिहिलं.

मधुसूदन साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं, कपाळाला आठी घातली. "दाखवा चालवून."

खाप्याच्या घरी गोदूबाईंचा, म्हणजे बाबनरावांच्या बायकोचा, हातमाग होता, त्यामुळे त्यांच्या सदऱ्याला कुठे ना कुठे सूत चिकटलेलं असायचंच. त्यातलं एक त्यांनी ओढलं आणि उजव्या अंगठ्याला गुंडाळलं.

"बोटाला काय लागलं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. याले आज सुट्टी दिली."

मधल्या जागा त्यांनी डाव्या अंगठ्याने सोडल्या. शेवटच्या अक्षरानंतर काहीच दाबलं नाही. पडद्यावर एक नाव आलं, दुसरं आलं, तिसरं आलं.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "रेकॉर्डच्या खोलीसाठी मी दुसरा कोणी बघतो," आणि निघून गेले.

बाबनरावांनी ते ऐकलंच नव्हतं. ते तिसऱ्या नावावर बोट ठेवून बसले होते.

"आली वं माय तू," ते म्हणाले.

चंद्रकलेने पदराची गाठ सोडली आणि उरलेले फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले.