भाऊजींचे झोपेतले हात

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. संकष्टीसुद्धा मी साबुदाण्याच्या खिचडीसाठी धरते. इथे तुमचे अनुभव वाचते – पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी – आणि मनात म्हणते, यांना कुणीतरी वेळेवर जेवायला घाला रे! पण नात मागे लागली, "आजी, त्या पुण्याच्या आजोबांच्या हातांचं लिही ना." तर लिहिते. यात पिंपळ नाही. पोट भरून झोपलेला एक बँक ऑफिसर आहे.

गोष्ट इंदूरची, एकेक मिल बंद पडत होती तेव्हाची. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. हे, म्हणजे माझे मिस्टर दिगंबर, कापडाच्या मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर, होते. शेजारच्या लूमवर बद्रीलाल. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून ही मंडळी हातांनी बोलायची. धागा तुटला, साहेब आला, चहाला चल... सगळं हातांनी. घरीसुद्धा तीच सवय! नवीन लग्न झालं तेव्हा पाटावर बसून हे माझ्याकडे बघत हात हलवायचे आणि मी येडी लाजायची. पुढे कळलं, ते "भाजीत मीठ नाही" म्हणायचे.

बद्रीभियाच्या (आमच्या इंदुरात भैयाचं भिया होतं) उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. बाकीचं मशीनने नेलेलं.

मिल बंद झाली. हे राजवाड्याजवळ एका कापडाच्या दुकानात चिकटले. बद्रीभियाला मात्र काही मिळेना. पुढे पुढे तो शोधेनासाच झाला. घराबाहेर पडेना, बोलेना, दाढी वाढलेली. हे रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचे. मी चिडायची. दोन माणसं गप्प बसायला रोज भेटतात कशाला?

अशात पुण्याहून वन्सं आणि भाऊजी आले. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. भाऊजी बँकेत, आणि ते बँकेत आहेत हे समोरच्याला दर वाक्यात कळायचं. बेत ठरला – महेश्वर, मग ओंकारेश्वरला मुक्काम, इंदूरला परतून मग उज्जैन. भाड्याची अ‍ॅम्बॅसिडर. लग्न होऊन इंदूरला आल्यापासून मी ओंकारेश्वर ओंकारेश्वर करत होते, आणि आमची मजल गावातल्या खजरान्याच्या गणपतीपुढे जात नव्हती. मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवली.

हे म्हणाले, "तुम्ही जा. बद्रीला एकटं सोडायला नको. त्याचं लक्षण मला बरोबर दिसत नाही."

"बायकोपोरं आहेत ना त्याची? तुम्ही काय त्याची आई आहात?" मी म्हटलं. शेवटी आले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

महेश्वरला पोचलो. वाडा बघितला, देऊळ बघितलं, नर्मदेत पाय बुडवले. घाटावर सावलीत बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. भाऊजींनी जरा जास्तच खाल्ली आणि भिंतीला टेकून घोरायला लागले. वन्सं वरच्या दुकानात साड्या उलगडायला गेल्या. कुठल्या तरी विणकराच्या घरातून हातमागाचा आवाज येत होता... खट् खट्, खट् खट्.

आणि भाऊजींचे दोन्ही हात वर आले.

घोरणं चालू, डोळे बंद, तोंड उघडं. मी खुसखुसले, "बघा, झोपेत शिक्के मारतायत!"

हे हसले नाहीत. टक लावून बघत होते. भाऊजींनी छातीवर दोनदा थाप मारली. मग दोन्ही तळवे पुढेमागे सरकवले. मग समोर, बरोबर ह्यांच्याकडे, हात केला. मग तोच हात बाजूला सारला. आणि हात खाली पडले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि प्रत्येक वेळी उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातून दुमडलेलं!

"बद्री," हे म्हणाले.

"कुठाय?"

"माझा लूम तू सांभाळ, मी जातोय... असं म्हणतोय." हे उठून उभे राहिले. "बिडीला जाताना रोज म्हणायचा. पण शेवटी मनगट असं उलटं फिरवायचं असतं – परत येतो. ते केलंच नाही, मंदा. दोन्ही वेळा नाही केलं."

भाऊजींनी जन्मात मिलचं फाटक पाहिलं नव्हतं. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं असतं तर काय हवं होतं! मला दिसत होती ती फक्त हिरवी साडी.

पुढचा तमाशा विचारू नका. हे गाडीत जाऊन बसले, "इंदूर." वन्सं कडाडल्या, "दिगू, डोकं फिरलंय का तुझं? माणसाने झोपेत हात हलवले म्हणून देव टाकून परत जायचं?" भाऊजी जागे होऊन म्हणे, "मी? मी हात हलवले? इम्पॉसिबल." ड्रायव्हर तेवढा खूश. "भिया, अपन को क्या, जिधर बोलो उधर ले चलें." मी रस्ताभर एक अक्षर बोलले नाही, आणि ते सगळ्यांना नीट ऐकू येईल अशी काळजी घेतली.

दिवेलागणीला परदेशीपुऱ्यात शिरलो. वन्सं आणि भाऊजी गाडीतच बसून राहिले. बद्रीभियाच्या दाराला आतून कडी. ह्यांनी ठोठावलं, ठोठावलं... दार उघडलं. आणि उभा कोण? दाढी केलेला, केस विंचरलेले, धुतलेला शर्ट! गेल्या कित्येक महिन्यांत इतका ठणठणीत दिसला नव्हता. बायकोपोरं हातोदला तिच्या माहेरी पाठवलेली.

"अरे दिगू? तू तो तीरथ गया था ना?"

माझा तोल सुटला. म्हटलं, "भले आदमी! हम ओंकारेश्वर छोड के आए तुम्हारे लिए, और तुम यहाँ दूल्हा बन के बैठे हो? कम से कम बुखार तो चढ़ा के रखते!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की दारातच खाली बसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी आपली कमरेवर हात ठेवून उभी, की आता ह्याला काय झालं!

हे मला म्हणाले, "तू घरी जा. मी इथेच राहतो." राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, तरी झोपायला तिथेच. वन्सं आणि भाऊजी त्याच गाडीने ओंकारेश्वरला गेले आणि माझ्यासाठी अंगारा घेऊन आले. अंगारा! मी तो कपाळाला दातओठ खाऊन लावला.

बद्रीभिया हळूहळू माणसात आला. पोह्याची गाडी टाकली, ती चालली. काही वर्षांनी म्हणाला, "भाभी, आपका ओंकारेश्वर उधार है मुझ पे." आम्हा दोघांना घेऊन गेला. मी तीच हिरवी साडी नेसले होते, जरा आखूड वाटत होती. पुलावर उभं राहून, खाली नर्मदेकडे बघत तो म्हणाला, "उस दिन मैं जाने वाला था, भाभी. हमेशा के लिए. दोपहर में अकेले कमरे में खड़े होके दिगू को इशारा किया था... आदत है ना. दो बार किया. फिर बैठा रहा, अँधेरा होने की राह देखता रहा." मग माझ्याकडे बघून हसला, "और आपने आके बोला, बुखार तो चढ़ा के रखते!"

मी पुलाचा कठडा घट्ट धरला. नंतर ह्यांच्याशी दिवसभर भांडलेसुद्धा नाही.

भाऊजींना मी पुढे अनेकदा जागेपणी ते हात करून दाखवायला सांगितलं. कधीच जमलं नाही. शेवटपर्यंत म्हणत, लसणाच्या चटणीने पित्त झालं होतं. असेलही. पण मला राग येतो तो वेगळाच. निरोप द्यायचाच होता तर शेजारी मी टक्क जागी बसले होते ना? घोरणारा माणूस कशाला गाठायचा? आणि ज्यांना विचारावं ते भाऊजी आता नाहीत.

हेही गेले त्याला बरीच वर्षं झाली. बद्रीभिया अजून येतो. काठी टेकत येतो, चहा पितो, ह्यांच्या फोटोसमोर थोडा वेळ बसतो, गप्प. निघताना फाटकाशी वळून मला हात करतो – जातोय. आणि मनगट फिरवल्याशिवाय मी त्याला फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाही.