बाहेरचे मडगार्ड

एकतीस मे. चाकाखाली गेलेले जीव: शून्य.

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या छोट्या सभेत साहेबांनी एवढेच वाचून दाखवले, आणि ज्या बसचालकाविषयी ते वाचले गेले त्यांना त्याहून अधिक काही ऐकायचेही नव्हते. तीस वर्षे या चालकाने शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे माणसे नेली. पुढच्या चौकात कुत्रे दिसले तरी अलीकडच्या चौकातच त्यांचा पाय ब्रेकवर जाई, म्हणून डेपोने त्यांचे नाव ब्रेकमास्तर पाडले. नावात चेष्टा होती. त्यांनी ती पदवीसारखी मिरवली.

वर्षभरात डोळे अधू झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि तेव्हा घरच्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या माणसाने जन्मभर इतरांना बसवून नेले, त्याला स्वतःला बसून जाणे जमत नव्हते. एकदा बसने निघाले, तर जागेवरूनच पायाखालच्या फळीवर ब्रेक दाबत राहिले, तिसऱ्या थांब्यावर चालकाला दोन शब्द सुनावले आणि उतरून चालत घरी आले. लेकीच्या मोटारसायकलवर तर त्यांनी कधी पायही टाकला नाही. पाय नेतील तेवढेच आता त्यांचे जग होते. शहराच्या पलीकडच्या टोकाला त्यांचा कंडक्टर, वीस वर्षांचा जोडीदार, कमरेचे हाड मोडून अंथरुणाला खिळला होता. तो फोनवर विचारी, "कधी येतोस?" ब्रेकमास्तर म्हणत, "येतो की." यातला खोटेपणा दोघांनाही कळत होता.

विश्वास टाकणे हे देणे आहे, हे घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. हजारो अनोळखी माणसे ब्रेकमास्तरांच्या पाठीमागे मान टाकून निर्धास्त झोपली होती. ती झोप म्हणजे आपल्याला कोणी दिलेले काही आहे, असे ब्रेकमास्तरांना कधी वाटले नाही. ती आपली कमाईच आहे असे ते समजत आले. घेणे इतके अंगवळणी पडले होते की देण्याची वेळ आली तेव्हा मूठ उघडेना.

लेक एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करी. तिच्या मोटारसायकलचे मागचे मडगार्ड मुळापासून गंजून चिरले होते आणि चाकाचा चिखल थेट नमुन्यांच्या पेटीवर उडत होता. त्या जातीची गाडी कंपनीने कधीच बंद केली होती. एका रविवारी सकाळी ती दुकानातून दुसरेच मडगार्ड घेऊन आली.

"हे कंपनीचं नाही," ब्रेकमास्तरांनी बोटाने पत्रा वाजवून निकाल दिला. "बाहेरचं ते बाहेरचं. बसायचं नाही."

दारात भाजी निवडत असलेली बायको म्हणाली, "मी पण या घरात बाहेरूनच आले होते. बसले की नाही बरोबर?"

"बसलीस. खडखड मात्र अजून गेली नाही."

"नट कोणी आवळले होते, ते आठवा म्हणजे झालं."

लेक हसत पाना शोधू लागली, तेव्हा तो त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. गाडी डबल स्टँडवर चढली, सीट निघाली. मागच्या दिव्याच्या तारा लेकीने चिकटपट्टीने खुणा करून सोडवल्या, गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडले. नवे मडगार्ड आत सरकवले तर पुढची दोन भोके जुळली, मागची दोन मात्र बोटभर हुकली. "सांगत होतो," असे म्हणताना ब्रेकमास्तरांचा चेहरा खुलला होता. जुळते ते लावण्यात त्यांना काय गंमत! त्यांनी कानस घेतली आणि डोळ्यांपेक्षा अंगठ्याच्या भरवशावर भोके लांबट केली. रबरी वायसर घातले, बोल्ट वरून सोडले, खालून नट आवळले. पत्रा ठोकून पाहिला. आवाज भरीव आला. लेकीने तारा जोडल्या, सीट परत ठेवली.

"तयार!"

"वजन टाकून बघू," लेक म्हणाली. तिने गाडी स्टँडवरून काढून धरली. "आई, बस जरा."

आई बसली. चाक आणि पत्रा यांत बऱ्यापैकी जागा राहिली.

"हिचं वजन ते काय," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"परीक्षा पूर्ण गुणांची घ्यायची असते. आणि आपल्या घरात पूर्ण गुण तुमच्याकडेच आहेत."

बायको पदर तोंडाला लावून हसू लागली. अखेर ब्रेकमास्तर मागच्या सीटवर टेकले. बायकोने गाडी धरली, लेक खाली वाकली आणि तशीच थांबली. "बाबा, बोल्टाची टोकं चाकापासून नखभर राहिलीत. एक खड्डा आला की टायर फाटेल."

"बोल्ट वरूनच घालायचा असतो. नट गळून पडला तरी बोल्ट जागेवर राहतो. डेपोचे फिटर जन्मभर तसंच करत आले."

"बसचं चाक एवढं वर येतं का?"

ब्रेकमास्तर उतरले. चाकावर हात ठेवून त्यांनी मनातल्या मनात ते वर आणले, खाली नेले. मग चारही बोल्ट काढले आणि खालून वर घातले. गोल डोकी चाकाकडे, नट वरच्या अंगाला.

"नटावर नट घालतो," ते म्हणाले. "गळायला नको."

"हां, हे मला सुचलं नसतं," लेक म्हणाली.

आता पत्रा घासतो की नाही, हे रस्त्यावरच कळणार होते, आणि तो आवाज ऐकायला गाडीवर बसण्यावाचून इलाज नव्हता. "मी बसून कुठे जात नाहीये," ब्रेकमास्तरांनी बायकोला बजावले. "आवाज ऐकायला चाललोय."

"ऐका हो, निवांत ऐका," ती म्हणाली.

पहिल्या गतिरोधकावर काही घासले नाही. "एकावर काय कळतं? पुढे घे," ते म्हणाले. चौक जवळ येताच त्यांचा पाय पायदानावर दाबला गेला, आणि त्याच क्षणी गाडीही मंदावली. पुढच्या चौकात पुन्हा तसेच. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचा पाय दाबण्याआधीच तिने ब्रेक लावला होता. उभ्या रिक्षाआडून एक पोर धावत आले, ते त्यांना नंतर दिसले. पुलावर लेकीने विचारले, "आवाज येतोय का?"

"अजून नीट ऐकलं नाही. चल पुढे."

गाडी थांबली ती कंडक्टरच्या दारात. तो उशीवरून अर्धा उठला. "ब्रेकमास्तर! कोणाच्या गाडीनं आलास?"

"लेकीच्या."

"मागे बसून? तू? कशी चालवते?"

लेक उंबरठ्यातच होती. ब्रेकमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मडगार्ड घासत नाही."

कंडक्टर खो खो हसला. दोघे दुपारपर्यंत बोलत बसले. निघताना कंडक्टरने पलंगाजवळच्या पेल्यावर चमच्याने दोनदा टण टण केले. डबल बेल, गाडी सोडा. परतीच्या वाटेवर ब्रेकमास्तरांचा पाय पायदानावर नुसता टेकलेला होता.

तेव्हापासून ते दर रविवारी तिच्या मागे बसून जातात. लेक गाडी चांगली चालवते, हे त्यांनी तिला सांगितलेले नाही. ते देणे बाकी आहे.