पाहिलेल्या बोगद्याची परीक्षा

बोगदा खणणारं मशीन पुढच्या जमिनीत किती वेगाने चालवावं, हे संगणकाला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ऑफिस बडोद्यात, बोगदे भलतीकडे. मशीन पुढे सरकतं तशी त्याच्या पाठीमागे काँक्रीटची गोल कडी बसत जातात आणि कड्यागणिक दाब, वेग, जोर असा सगळा डेटा जमतो.

आमच्या साहेबांनी एका बोगद्याची सगळी कडी पत्त्यांसारखी पिसली. बरीचशी संगणकातल्या मॉडेलला शिकवायला, उरलेली परीक्षेला. म्हणजे शिकवलेल्या कड्याला चिकटलेलं कडंच परीक्षेत! जमीन तीच, खडक तोच. पास न व्हायला काय झालं? इथल्या रावपुऱ्यातल्या माणसाला शेजाऱ्याचं घर विचारायचं आणि याला लांबचं अख्खं डभोई गाव पाठ आहे म्हणून गावभर सांगायचं, त्यातला हा प्रकार.

आणि हे मॉडेल जाणार होतं दुसऱ्या शहरात. तिथे या बोगद्यातला काळा खडक नाही, ओली चिकणमाती, आणि वर माणसांची घरं. वेग चुकला तर जमीन खचते. म्हणून मी चिकणमातीतला दुसरा एक अख्खा बोगदा मॉडेलपासून लपवला आणि त्याच्यावर परीक्षा घेतली. साफ नापास.

"साहेब, हे पाठवायचं नाही," मी म्हटलं.

"बेन, चालशे ने! सारो आकडोज बतावजो." चालेल की, चांगला तेवढाच आकडा दाखवा, म्हणे. वर हसले. त्या चालशेने माझं डोकं अस्सं फिरतं! आपण चालवून घेऊ, जमीन कशाला चालवून घेईल?

क्लायंटबरोबरच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या परीक्षेचा निकाल गायब होता. वर, हे सगळं काम आमच्या मॅडमचं, असं माझं कौतुक. मी बोलायला लागले तर साहेबांनी मीटिंगमधला माझा माइक बंद केला. मग मात्र राहवेना. तरातरा त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि त्यांच्या खांद्यावरून त्यांच्याच माइकमध्ये सांगितलं, "या मॉडेलने चिकणमाती कधी पाहिलेलीच नाही. त्याच्या आकड्यांवर मशीन चालवू नका."

पलीकडच्या साइट इंजिनिअरने दचकून वर पाहिलं.

"पण तुमच्या साहेबांनी आकडे मागेच पाठवलेत," तो म्हणाला. "मशीन त्याच आकड्यांवर चाललंय."

मी साहेबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते.

"आत्ता मशीनच्या वर काय आहे?" मी विचारलं.

"शाळा," तो म्हणाला आणि वेग उतरवायला सांगण्यासाठी फोनकडे धावला.