आईच्या नंबरवरून आलेला टाइप केलेला मेसेज

आज दुपारी मी माझ्याच आईवर संशय घेतला.

मी धाराशिवला ऑफिसात होते. गावाकडून, सास्तूरहून, आईच्या नंबरवरून मेसेज आला, "तुझ्या पदवीच्या कागदाचा फोटो पाठव."

आई अक्षरं जुळवून वाचते, पण तिला लिहिता येत नाही. ती कायम आवाजातच मेसेज पाठवते. मग हे टाइप कुणी केलं? फोन लावला, तर उचलला नाही. कुणाच्या हाती लागलाय तिचा फोन?

खात्री करायला मी लिहिलं, "आपल्या म्हशीचं नाव काय?"

बऱ्याच वेळानं आईचाच फोन आला. "अगं, तुझ्या नंबरवरून कुणीतरी घरची माहिती विचारतंय. म्या काय सांगितलं न्हाय."

"आई, मीच विचारलं. पण ते टाइप कुणी केलं?"

"माइकचं चित्र दाबून बोललं की लिहितंय की ते. बचत गटातल्या बायांना तुझा कागद दाखवायचाय, लवकर पाठव."

पाठवला.

फोनवर कुणाला काही सांगू नकोस, हे मी तिला दहादा बजावलंय. बोलून लिहिता येतं, हे एकदाही सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनं शोधलं.

तुम्ही घरच्यांना फोनमधलं आधी काय शिकवलंत?